निळं कुटं हाय?

शिवप्पा मास्तर पोरांना मारायचे. हे आधीच सांगून टाकते, कारण त्यांच्याविषयी बोलणारी माणसं हे अगदी शेवटी सांगतात, आवाज खाली करून, आणि वर म्हणतात की मन मात्र फार चांगलं होतं. मन कुणी पाहिलं? हात मी रोज पाहिला. तो बसला की दुसऱ्या कानात शिट्टी वाजते, असं पोरं म्हणायची.

आमच्या शाळेत ते खेळाचे मास्तर आणि मी शिपाई. निवृत्त झाल्यावरही ते रोज मैदानावर यायचेच, आणि शाळाही येऊ द्यायची, कारण जिल्ह्याच्या बेसबॉल संघाला पिचर आणि कॅचर तेच निवडून द्यायचे. लहान गटातली पोरं-पोरी वर्षभर आमच्या मैदानावर खेळायची आणि त्यातली कोण मोठ्या संघात जाणार हे उन्हाळ्याच्या तोंडावर मास्तर ठरवायचे. बाकीचे खेळाडू दुसरे लोक बघत. मास्तर म्हणायचे, "बाकीचे पळतेत निस्ते. मार खानारे दोगंच, एक टाकनारा, एक झेलनारा."

खेळ मला उशिरा कळला. पिचर लांबून चेंडू टाकतो, बॅटवाला मारायला बघतो, आणि बॅटवाल्याच्या मागं कॅचर उकिडवा बसलेला असतो, तोंडावर जाळी, छातीवर पॅड. चेंडू दगडासारखा कठीण, वर लाल दोऱ्याचे टाके. चांगला पडला तर कॅचर ग्लोव्हमध्ये घेतो. पण कधी चेंडू त्याच्या पुढ्यातच मुरुमावर आपटतो आणि कसाही उसळतो. तेव्हा तो हातानं धरायला जायचं नाही. अंग आडवं घालायचं, छातीवर घ्यायचा, आणि पुढ्यातच पाडायचा. नाहीतर चेंडू मागं जातो आणि समोरचे पळून रन काढतात. माणसाचं अंग मात्र आपोआप वळतं. चेंडू आला की मान फिरते, खांदा फिरतो, पाठ पुढं येते. ते वळणं मोडायचं, हेच मास्तरांचं सगळं शिकवणं.

ते मूळचे मैंदर्गीचे. घरी कन्नड, बाहेर मराठी, आणि रागावले की दोन्ही एकदम. कपाळाला विभूती, पांढरा शर्ट पँटीत खोचलेला, गुडघे कामातून गेलेले. खाली बसता येत नसे, म्हणून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी उभ्यानंच खायचे. बायको मैंदर्गीला दिराकडं राहायची. का, ते मी विचारलं नाही. मला अंदाज होता.

मारायच्या आधी ते हातातलं घड्याळ काढायचे. काच फुटू नये म्हणून. जवळ जो असेल त्याच्या हातात द्यायचे, बहुतेक वेळा माझ्याच. मग गळ्यातलं लिंग शर्टाच्या आत सारायचे, आणि मग हात उठायचा. एवढा वेळ मिळूनही पोरगं पळून जायचं नाही, हे मला मोठं नवल वाटायचं. एकदा एकाला विचारलं, "का रे, घड्याळ काढताना पळायचं की."

तो म्हणाला, "पळून कुटं जानार मावशी? संघ त्यांच्याकडंच हाय."

पिचर निवडताना ते पिचरकडं पाठ करून उभे राहायचे, तोंड शाळेच्या भिंतीकडं. लांबून बघणाऱ्याला वाटावं मास्तर रुसलेत. ते कॅचरच्या ग्लोव्हचा आवाज ऐकायचे. हात किती जोरात फिरतो हे डोळ्याला फसवतं म्हणायचे, ग्लोव्ह फसवत नाही. मधेच न वळता ओरडायचे, "तो तिसरा परत टाकायला लाव. बाकीचे पानी पिऊन घरी."

पण आवाजावर नुसती पहिली चाळण व्हायची. खरी परीक्षा पुढं. पिचरच्या हातून कधीतरी एखाद्या बॅटवाल्याला चेंडू लागतोच. तो लागल्यावर पिचर काय करतो, हे मास्तर वळून बघायचे.

समीर नावाचा एक पोरगा होता. बारीक, लांब हाताचा. त्याचा चेंडू एका पोराच्या जबड्यावर बसला. रक्त आलं, दात हातात आला. समीर तिथंच खाली बसून रडायला लागला. "सर, मैं तो सीधाच डाल्या," असं पुन्हा पुन्हा म्हणत होता. लागलेल्या पोराला मी नळावर नेलं. परत येऊन बघते तर मास्तरांनी घड्याळ एका पोराकडं दिलेलं आणि समीरच्या गालावर बोटं उमटलेली. मग स्वतः बॅट घेऊन उभे राहिले, जाळी नाही, काही नाही.

"आता मला टाक. तितंच टाक, अंगाजवळून."

समीरनं भीतीनं लांबून टाकला. मास्तर चालत गेले, दुसरी मारली, परत येऊन उभे राहिले. पुन्हा लांबून, पुन्हा मारली. शेवटी त्यानं दात खाऊन टाकला तो मास्तरांच्या शर्टाला घासून गेला, पोटावरचं बटण तुटलं.

"हां," मास्तर म्हणाले. "आता जा, त्या पोराला लई लागलं का इचार. इचारून ये आनि परत तितंच टाक."

समीर निवडला गेला. त्याच वर्षी एका नगरसेवकाचा मुलगा त्याच्याहून जोरात टाकायचा. त्याचा चेंडू एकाच्या बरगडीत बसला आणि तो हसला. मास्तरांनी त्याला हातसुद्धा लावला नाही. "तू घरी जा," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी बाप गाडी घेऊन मैदानात आला.

"माझ्या पोरात खोट काय आहे ते सांगा."

"खोट न्हाय. चांगला टाकतो. तुमी बसा की मागं, बगा."

नगरसेवकाला पोरांसमोर नाही म्हणता येईना. पांढऱ्या कपड्यात तो जाळी घालून उकिडवा बसला. पोरानं टाकला, बापाच्या मांडीत बसला, बाप आडवा. पोरगं पुन्हा हसलं. मास्तर म्हणाले, "हेच." गाडी गेली. त्या रात्री कुणीतरी मास्तरांच्या स्कूटरची सीट फाडून टाकली.

कॅचरची तपासणी निराळी. त्यात मी होते, म्हणून ती मला नीट माहीत आहे. मास्तर पिचरला मुद्दाम आखूड टाकायला लावायचे, सगळे चेंडू मुरुमावर आपटवून. कॅचरांना आळीपाळीनं बसवायचे. चेंडू किती अडले ते कुणीही मोजेल, मास्तर ते बघतच नसत. ते दुसऱ्या दिवशी पोरांचे शर्ट काढायला लावायचे. छातीवर, दंडाच्या आतल्या बाजूला, मांडीवर काळंनिळं असेल तर पोरगं पुढं बसलं. खांद्यामागं, कुशीवर, पाठीवर असेल तर वळलं. वळलेल्याला घेत नसत. चेंडू अडवले असले तरी घेत नसत. "आज नशिबानं अडला. उद्या वळंल," म्हणायचे.

पोरींचे शर्ट कसे काढणार? म्हणून मला बोलावत. मी पोरींना एकेक करून सातवीच्या वर्गात घ्यायची, खिडक्या लावायची, बघायची, आणि बाहेर येऊन सांगायची. मास्तर एकच विचारायचे, "निळं कुटं हाय? पुढं का मागं?"

"पुढं."

"पुढं म्हंजे घ्या."

चेंडूचं निळं गोल असतं, मधे जरा फिकं, आणि जोरात बसला असेल तर कातडीवर दोऱ्याच्या टाक्यांची नक्षी उमटते. मला तर ते एखाद्या ठशासारखं वाटायचं. पोरी एकमेकींना दाखवून हसायच्या, जिचं मोठं तिची ऐट जास्त. मी त्यांना येड्या म्हणायची.

लावण्या ही त्यातलीच एक कॅचर. सोलापूरच्या पूर्व भागातली, तेलुगू घर, बाप नरसय्या यंत्रमागावर चादरी काढायचा. पोरगी अकरावीत, बसकी, रुंद खांद्याची, बोलणं कमी. त्या वर्षी पुण्याला शिबिर होतं. मास्तरांनी निवडलं तर पोरीनं तिथल्या वसतिगृहात राहायचं, खेळायचं आणि तिथंच शिकायचं. बाकीच्या पोरींना ती मजा वाटत होती. लावण्याला नव्हती. तिच्या घरी तेलंगणातलं एक स्थळ बघून गेलं होतं आणि बापानं होकार कळवला होता. पुणे नाही तर ते, असं तिचं होतं. हे मला तिच्या मैत्रिणीनं सांगितलं होतं, तिनं नव्हे.

तपासणीच्या दिवशी मी तिला वर्गात घेतलं. छातीवर दोन गोल होते, मांडीवर एक. चांगले. मग मी म्हटलं, फिर. ती फिरेना. मी खांद्याला धरून फिरवली. पाठीवर जागा नव्हती. लांब लांब वळ, एकावर एक, काही जुने पिवळे, काही ताजे, दोन ठिकाणी कातडी फुटलेली.

माझ्या नवऱ्याचा हात मी बरीच वर्षं सोसला, मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. कपडे घाल म्हटलं आणि बाहेर आले.

"निळं कुटं हाय?"

"पुढं हाय. मागं बी हाय."

"मागं हाय म्हंजे वळली. न्हाय. घरी जा म्हनावं तिला."

"मास्तर, पुरतं ऐका. मागचं चेंडूचं न्हाय. चेंडू गोल असतो. हे पट्ट्याचं हाय."

तेवढ्यात ती पोरगी दारात आली. मास्तरांकडं बघून म्हणाली, "चेंडूच हाय सर. मीच वळले."

बापाचं नाव निघू नये म्हणून ती स्वतःचा गळा कापत होती. मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं. दुसऱ्या कुणी माणसानं तिला जवळ घेऊन विचारलं असतं. मास्तर म्हणाले, "जाळी घाल. पॅड बांध. बस."

त्या दिवशी टाकायला आलेल्या समीरच्या हातातला चेंडू त्यांनी काढून घेतला आणि स्वतः टाकायला उभे राहिले. म्हाताऱ्याच्या खांद्यात अजून एवढं होतं हे मला त्या दिवशी कळलं. पहिला तिच्या पुढ्यात आपटून पॅडवर बसला. दुसरा दंडावर. मास्तर जवळ जवळ येत टाकत होते. मुरूम उडत होता. एक पॅडच्या खाली पोटात बसला, ती वाकली, ओकारीसारखा आवाज आला, पुन्हा बसली. मी म्हटलं, "मास्तर, पुरे." त्यांनी ऐकलं नाही. शेवटचा असा उसळला की जाळीच्या खालून गळ्यावर लागला. तिचा श्वास अडकला. ती पडली ती पुढं पडली, पालथी, चेंडू अंगाखाली घेऊन.

मास्तर गेले, तिच्या डोक्याशी उभे राहिले. वाकता येत नव्हतं.

"घेतली तुला. आता सांग, पट्टा कुनाचा?"

ती मुरुमात तोंड ठेवूनच म्हणाली, "नान्नाचा." म्हणजे बापाचा.

संध्याकाळी मास्तर मला घेऊन नरसय्याकडं गेले. घरात बायका असतील, तू बोल, म्हणाले. बोलायची वेळच आली नाही. पुढच्या खोलीत दोन माग चालू होते, त्यांच्या आवाजात ओरडल्याशिवाय ऐकू येत नव्हतं. मास्तरांनी पुण्याचं सांगितलं, बापाची सही लागते म्हणून सांगितलं. नरसय्या हसला. किडकिडीत माणूस, तोंडाला दारूचा वास.

"लग्न ठरलंय तिचं. काळी करून टाकली तुमी पोरगी उनात."

"तू तिला मारतोस."

"माजी पोरगी. मी मारतो. तुमी बी मारता की मास्तर. सगळ्या सोलापूरला म्हाईत हाय. तुमी मारता ते शिकवनं, आन मी मारतो ते काय?"

माग खडखडत होते. मास्तर उभेच होते. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते, काय उत्तर देतात ते ऐकायला. त्यांनी घड्याळ काढून माझ्या हातात दिलं.

पहिल्या तडाख्यात नरसय्या मागाच्या लाकडावर आपटला. भुवई फुटली. मास्तरांनी त्याला गळ्याला धरून उचलला आणि आणखी मारला, तोंडावर, कानावर, पोटात. सूत रक्तानं भरलं. नरसय्याची बायको आतून धावत आली आणि मास्तरांच्या हाताला चावली, तेव्हा ते थांबले. लावण्या आतल्या दारात उभी होती. ती पुढं आली नाही, ओरडली नाही. बघत होती.

नरसय्या चौकीत गेला. तिथल्या हवालदारानं दोघांना समोर बसवून मिटवा म्हटलं. तोंड सुजलेलं होतं तरी नरसय्याचा आवाज चढला होता. तो म्हणाला, "तक्रार न्हाय करत. सही बी करतो. पन यानं मला घरात शिरून मारलंय, माज्या बायकोम्होरं. मी याला याच्या पोरांम्होरं मारनार, मैदानात."

हवालदार म्हणाला, असलं काही होत नसतं. मास्तर म्हणाले, "सही त्याच दिवशी कर. मग चालंल."

मी मास्तरांना बाहेर येऊन म्हटलं, "डोकं फिरलं काय? केस होऊ द्या."

"केसला वर्षं लागत्यात मावशी. शिबिर सोमवारी हाय."

शनिवारी सकाळी नरसय्या मागाचा चामडी पट्टा घेऊन मैदानावर आला. खबर पसरली होती, सगळे खेळाडू आले होते, भिंतीवरही माणसं बसली होती. मास्तरांनी शर्ट काढून घडी घालून पायरीवर ठेवला. म्हातारी, पांढरी, लोंबती कातडी. नरसय्या म्हणाला, फिरा. मास्तर फिरले.

त्यानं मारलं. दारू न पिता आला होता, हात नेमका होता. चामड्याचा आवाज भिंतीवर जाऊन परत यायचा. मास्तरांचे गुडघे वाकत होते, आणि प्रत्येक वेळी ते पुन्हा सरळ करत होते. रक्त कमरेपर्यंत आलं. सगळ्या पोरांना वाईट वाटलं असं मी सांगणार नाही. समीरनं तोंड फिरवलं. पण दोन-तीन पोरं खूश होती, त्यांच्या डोळ्यांत मला दिसलं, आणि त्यांना मी दोषही देत नाही. त्यांचे कान अजून वाजत असतील.

लावण्या कागद आणि पेन घेऊन बापाच्या बाजूला उभी होती. बाप दमला, त्याचा हात खाली आला, तेव्हा तिनं कागद पुढं केला.

"नान्ना, सही."

तो धापा टाकत होता. पट्टा उजव्या हातात होता. तिनं तो हातातून काढून घेतला आणि तिथं पेन दिलं. त्यानं सही केली. तिनं कागद फुंकून वाळवला, घडी केली, आणि मास्तरांकडं न बघता वर्गात गेली. आभार वगैरे काही मानले नाहीत. सोमवारी सकाळच्या गाडीनं पुण्याला गेली.

मास्तरांना मी नळावर नेऊन पाठ धुतली. हळद लावायला गेले तर म्हणाले, "राहू दे, शर्ट खराब होतो."

त्यानंतर ते मैदानावर आले नाहीत. शाळेनं या म्हणून निरोप धाडला, जिल्ह्याची माणसं घरी जाऊन आली. लोक म्हणतात लाजेनं गेले. मला तसं वाटत नाही. त्यांना पोरांना हात उचलूनच शिकवता येत होतं, दुसरं येत नव्हतं. आणि आता हात उचलला की समोरच्या पोराच्या डोळ्यापुढं काय येणार, हे त्यांना ठाऊक होतं. खोली सोडून ते मैंदर्गीला भावाकडं राहायला गेले.

मागच्या हिवाळ्यात मी मैंदर्गीला गेले होते, भाचीच्या बाळंतपणाला. बाजाराच्या दिवशी रस्त्यावर कडब्याची गाडी उभी होती आणि मास्तर खाली उभे राहून पेंढ्या झेलत होते. वाळले होते. मला बघून हात थांबला नाही.

"हितं कुटं मावशी?"

"भाचीकडं. बरं हाय न्हवं?"

"बरं की."

त्यांनी पुढची पेंढी झेलली. मग मीच म्हटलं, "लावण्याचा परवा फोन आलता. अंगठा मोडला तिचा, सामन्यात."

पेंढी हातात राहिली. "कुटला?"

"डावा."

"डावा ग्लोव्हमधला. उजवा चालू हाय की मग." त्यांनी पेंढी काखेत धरली. "रडली व्हय?"

"रडली न्हाय. शिव्या घातल्या."

"कुनाला?"

"तुमाला."

मास्तरांनी पेंढी खाली ठेवली. "कसल्या?"

मला तेलुगू येत नाही, पण पोरीनं फोनवर ज्या घातल्या त्या जशा ऐकू आल्या तशा मी त्यांना रस्त्यात उभं राहून सगळ्या सांगितल्या. त्यांनी एकेक नीट ऐकून घेतली. गाडीवरचा माणूस वरून कन्नडमध्ये खेकसला तसे ते वळले आणि पुढच्या पेंढीसाठी दोन्ही हात वर केले.